राबाचा फोटो आणि पाचवं प्रकरण

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. माझ्या आत्याचे. वैशाखऱ्याची आत्या: वडिलांची थोरली बहीण, चौथी शिकलेली, तोंडाने फटकळ, आणि स्वतःचं मूल नसल्यामुळे भावांच्या मुलांना वळण लावायला कायम मोकळी. माझी दहावी झाली तेव्हा वडिलांनी मला भिवंडीच्या गोदामात लावायचं ठरवलं होतं. आमचं घर शहापूर तालुक्यात, शेणव्याकडचं. तिथून गोदामांच्या गाड्या माणसं भरून न्यायच्या, आणि दहावी पास झालेला मुलगा म्हणजे गाडीत बसायला तयार झालेला मुलगा, असा सरळ व्यवहार होता. आत्या कुणाच्या तरी हळदीला आली होती. तिने हे जेवताना ऐकलं आणि हात धुवायच्या आधीच निकाल दिला.

"गोदामात जाऊन काय करनार तो? खोके उचलनार?"

"मंग काय करायचं त्याचं?" वडील म्हणाले.

"मी नेते. मुरबाडला कॉलेजात घालते. माझ्याकडं राहील, गुरं बघंल, शिकंल."

"आनि नाय शिकला तर?"

"तर गुरं तरी बघंल. तुझ्या गोदामापेक्षा गुरं बरी. निदान शेन तरी देतात."

शहापूरहून सापगाववरून मुरबाड आणि तिथून पुढे वैशाखरे, असा माझा एक पत्र्याचा पेटारा एसटीच्या टपावर आणि मी आत्याच्या शेजारी, असा उच्चशिक्षणाचा प्रवास सुरू झाला. बारावी आणि बी.एस्सी. मी तिच्या पडवीत बसून केली. पुढे एम.एस्सी., मग प्रवेशपरीक्षा, आणि मग मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेत पीएच.डी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीधर नव्हतं. हे सगळं मी कृतज्ञतेने सांगतो आहे, हे इथेच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचताना ते कुणाच्या लक्षात राहणार नाही.

मला पीएच.डी. हवी होती, आणि ती ज्या प्रबंधावर मिळेल त्यात आत्याचा फोटो हवा होता. अर्पणपत्रिकेत दोन ओळी सगळेच लिहितात. माझ्या प्रबंधात आत्या खुद्द पहिल्या प्रकरणात, रंगीत, अर्धं पान व्यापून बसली होती. ती तिथे कशी आली आणि तिचं तिथे पुढे काय झालं, त्याची ही हकिकत.

त्यासाठी मी संस्थेत काय करत होतो ते आधी सांगायला हवं. काही स्फटिक असे असतात की त्यांचे थर पापुद्र्यासारखे सुटतात. मॉलिब्डेनम, टंगस्टन असल्या धातूंची ही संयुगं. त्यांच्यावर चिकटपट्टी लावायची, उचलायची, उचललेला भाग दुसऱ्या पट्टीला लावायचा, पुन्हा उचलायचा. असं करता करता शेवटी एखादा पापुद्रा असा हाती लागतो की त्याची जाडी फक्त तीन अणूंची असते. चिकटपट्टी म्हणजे तीच, पार्सलला लावतात ती, किंवा तिची थोडी श्रीमंत बहीण. मोठमोठ्या प्रयोगशाळांतून हे काम असंच चालतं, आणि ह्याबद्दल कुणाला लाज वाटत नाही. पहिल्या दिवाळीला मी घरी आलो तेव्हा आत्याने विचारलं, "तिकडं काय करतोस दिवसभर?" मी खरं ते सांगितलं.

"चिकटपट्टीने सोलतो."

"एवढा शिकून?" ती म्हणाली. "मंग हितं कांदे सोल. निदान कालवन तरी होल."

असे दोन वेगळे पापुद्रे एकमेकांवर ठेवायचे आणि त्यांच्यावर लेसरचा प्रकाश टाकायचा. प्रकाश पडला की थरातला एखादा इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून उठतो. पण तो फार लांब जात नाही. तो आणि मागे राहिलेली त्याची रिकामी जागा एकमेकांना धरून जोडीने हिंडतात. ह्या जोडीला एक्सिटॉन म्हणतात. प्रकाशाने दिलेली ऊर्जा ह्या जोडीजवळ असते. पापणी लवण्याच्या कितीतरी आधी जोडी मोडते, इलेक्ट्रॉन आपल्या जागी बसतो आणि थर स्वतःच्या रंगात चमकतो. माझा प्रश्न असा होता की खालच्या थरात तयार झालेली ऊर्जा वरच्या थरात जाते का, आणि जात असेल तर कशी. ओळखायची खूण सोपी होती. खालच्या थराची चमक घटली आणि वरच्याची वाढली, की समजायचं ऊर्जा वर गेली. आमच्या संस्थेत ही घटना पाहायला लेसरची गरज नसे. बक्षीस समारंभांचे फोटो पाहिले तरी पुरत असे.

माझे मार्गदर्शक, म्हणजे सर, दर शनिवारी सगळ्या विद्यार्थ्यांना बसवून घ्यायचे. नव्या विद्यार्थ्याने आपला विषय "आपल्या आजीला समजेल असा" सांगायचा, ही त्यांची आवडती परीक्षा. मला आजी आठवत नव्हती, म्हणून मी आत्या समोर धरली. आत्याला काय समजेल? तिला राब समजेल.

भाताची रोपं जिथे करायची ती जमीन आमच्याकडे उन्हाळ्यात भाजून घेतात. खाली शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या टहाळ्या, त्यावर वाळल्या पानांचा पातेरा, मग पेंढा, आणि सगळ्यांत वर बारीक माती. मग पेटवायचं. वरची माती ज्वाळेला उठू देत नाही, त्यामुळे आच दबून राहते आणि एकेका थरातून खाली जमिनीत उतरते. तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं. ह्याला राब म्हणतात. तर मी चाचरत म्हणालो, "सर, आमच्याकडे राबात आच एका थरातून दुसऱ्या थरात जाते, तशीच ही ऊर्जा जात असेल." "असेल" हा शब्द मी म्हटला होता, हे मला पक्कं आठवतं. सरांना तो ऐकू गेला नाही.

"से दॅट अगेन," सर म्हणाले आणि त्यांनी हातातला कॉफीचा कप खाली ठेवला.

सरांचं बालपण पुण्यातलं आणि शिक्षण परदेशातलं. राब म्हणजे काय हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तसा मी राब भाजणाऱ्या कुणाच्याही चेहऱ्यावर पाहिलेला नाही. भाजणाऱ्यांच्या डोळ्यांत धूर जातो. "ब्रिलियंट! हे आपलं आहे. हे कुठल्याच फॉरेन ग्रुपकडे नाही," सर म्हणाले. त्या दिवसापासून माझ्या विषयाला नाव मिळालं: राब मॉडेल. सरांनी त्याच्याखाली उष्णता पसरण्याचं एक समीकरण बसवलं, म्हणजे ते पाहुण्यांपुढे उघडं दिसू नये.

उन्हाळ्यात सर फोटोग्राफरला घेऊन वैशाखऱ्याला आले. आत्याला मी आदल्या आठवड्यात कळवलं होतं. ती भाचीच्या लग्नात घेतलेली जांभळी साडी नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून, राबाच्या कडेला उभी होती.

"आजी, ही साडी नको," सर म्हणाले. "रोजचं नेसा ना. ऑथेंटिक दिसलं पाहिजे."

"आजी कोन? तुमच्याच वयाची असंन मी."

"सॉरी, ताई. पण रोजचं लुगडं असेल ना?"

"हाय. पन ते फाटलंय."

"तेच! तेच पाहिजे."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "काय रे, हे सायेब फाटकं लुगडं बघायला मुंबईवरनं आले? त्यांच्या घरी नाय कोनाचं?"

फोटोग्राफर हसला, सर हसले नाहीत, आणि साडी जांभळीच राहिली. मग सरांना थर दिसायला हवे होते. रचलेला राब बाहेरून नुसता मातीचा ढीग दिसतो. त्यात विज्ञान दिसत नाही. म्हणून त्यांनी एक बाजू कोयत्याने सरळ कापून मागितली.

"केक कापायचाय काय?" आत्या म्हणाली. पण तिने कापून दिली. खरं सांगायचं तर ती त्या दिवशी भलतीच खूश होती. शेजारपाजारच्या बायका कुडाच्या पलीकडून बघत होत्या आणि आत्या त्यांच्याकडे न बघता त्यांना सगळं दाखवत होती. सर सांगतील तशी मान वळवायची, हातातली पेटती काडी कधी वर, कधी खाली. कापलेल्या बाजूने वारा आत शिरला, राब भडकला, आणि त्या कोपऱ्यात त्या वर्षी रोपांपेक्षा तणच जास्त आलं. फोटो मात्र सुरेख आला.

तो फोटो मग फार फिरला. संस्थेच्या कॉरिडॉरमध्ये त्याचं माणसाएवढं पोस्टर लागलं. त्याखाली आत्या "एक आदिवासी महिला" झाली होती. मी सरांना म्हटलं, "सर, आम्ही आदिवासी नाही, कुणबी आहोत." सर समजूतदारपणे म्हणाले, "आय नो. पण हे जास्त चांगलं पोचतं." सरांच्या व्याख्यानांची सुरुवात आत्यापासून होऊ लागली. निधीसाठीच्या प्रस्तावाच्या मुखपृष्ठावर आत्या आली. ज्या लोकांनी जन्मात भाताचं रोप उपटलेलं नाही ते माझ्या खांद्यावर हात ठेवून "तुमची परंपरा किती समृद्ध आहे" असं म्हणू लागले. मीही "हो" म्हणायचो. मुंबईत राहायचं तर परंपरा समृद्ध असलेली परवडते.

वैशाखऱ्यात तर आत्याने डंका पिटला होता. फोटोची एक प्रत तिने देवघराच्या बाजूला लावली होती, आणि आलेल्या-गेलेल्याला ती सांगायची, "माझ्या राबावर पोरगा डॉक्टर होनार." उपसरपंच हे तिथले उत्साही गृहस्थ, कल्याणला नोकरी करून आलेले आणि त्यामुळे इंग्रजी जाणणारे. त्यांनी पदवीच्या फ्लेक्ससाठी हाच फोटो मागून घेतला. त्यात एका कोपऱ्यात मला बसवायचं ठरलं होतं.

मध्यंतरी मी काम करत होतो. दोन थरांच्या मध्ये मी तिसरा थर घातला, बोरॉन नायट्राइडचा. हा फार आडमुठा पदार्थ. त्याच्यातून वीज जात नाही, आणि आम्ही टाकत होतो तसल्या प्रकाशाने तो जागचा हलतही नाही. त्याला उठवायला फार मोठी ऊर्जा लागते. राब मॉडेल खरं असतं, तर ऊर्जा ह्या मधल्या थरात शिरली असती, त्यातून हळूहळू पुढे गेली असती, किंवा तिथेच अडली असती. तसं काही झालं नाही. खालच्याची चमक घटली, वरच्याची वाढली, आणि मधल्याला त्याचा पत्ताच नव्हता. खालच्या जोडीच्या कंपनाने पलीकडच्या थराला थेट हलवलं होतं, मधल्याला वळसा न घालता आणि त्याच्यात न शिरता. आधी मी माझ्यावरच संशय घेतला. पट्टीचा डिंक राहिला असेल, थर फाटला असेल, पाण्याचा बुडबुडा अडकला असेल. नवे नमुने करून पाहिले. मधला थर जाड केला की हे कमी होत गेलं, पातळ केला की वाढलं. माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण तेच. त्यात जे आहे ते मी स्वतःच्या हाताने सोललेलं आहे, आणि त्याचा मला फार अभिमान आहे.

मी सरांना निकाल दाखवले. ते खूश झाले. मग मी म्हटलं, "सर, पण मग राब चुकतो."

"कोण चुकतो?"

"राब. राबात आच जाताना मधला थर तापतो. इथे तो तापतच नाही."

सरांनी चष्मा काढला. "अरे, ते मेटाफर आहे. मेटाफरला एरर बार नसतो, त्यात चूक मोजत नाहीत."

"पण सर, त्याखाली आपण समीकरण लिहिलंय."

"असू दे. छान दिसतं," सर म्हणाले. राब मॉडेलवरचा पुढचा प्रस्ताव नुकताच गेला होता. पहिल्या प्रकरणात राब राहिला, पाचव्या प्रकरणात त्याचं खंडन राहिलं, आणि दोन्हींच्या मध्ये बरीच पानं असल्यामुळे ते एकमेकांना भेटणार नाहीत अशी आमची दोघांची समजूत झाली. सरांना प्रस्ताव सांभाळायचा होता. मला आत्या.

प्रबंधाच्या जाहीर मौखिक परीक्षेला कुणीही येऊन बसू शकतं. आत्या आली. उपसरपंचांनी इको गाडी काढली होती, आणि आत्या जांभळी साडी नेसून दुसऱ्या रांगेत, फोटोतल्यासारखीच ताठ बसली होती. पहिल्या स्लाइडवर तिचा फोटो आला तेव्हा वैशाखऱ्याच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. उपसरपंचांनी पडद्यावरच्या फोटोचा फोटो काढला. इतर श्रोत्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, म्हणून त्यांनीही वाजवल्या. माझं भाषण चांगलं झालं.

बाहेरून आलेल्या परीक्षक एक बाई होत्या, दक्षिणेकडच्या, शांत, हातात माझ्या प्रबंधाची खुणा घातलेली प्रत. त्यांनी तांत्रिक प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. मग त्या म्हणाल्या, "पहिली स्लाइड पुन्हा लावा." हे सगळं इंग्रजीत चाललं होतं. फोटो पडद्यावर आला. आत्याने पदर सारखा केला.

"पहिल्या प्रकरणात तुम्ही लिहिता की ऊर्जा अशी जाते," बाई म्हणाल्या. "पाचव्यात तुम्ही दाखवलंय की ती अशी जात नाही. मी दोन्ही मान्य करू शकत नाही. कोणतं ठेवू?"

सर पुढे झाले. "मॅडम, ते फक्त मेटाफर आहे."

"उपमेखाली समीकरण लिहीत नाहीत," बाई म्हणाल्या. "आणि मी विद्यार्थ्याला विचारते आहे."

मी सरांकडे पाहिलं. सर छताकडे पाहत होते. आत्या माझ्याकडे पाहत होती. तिला वाटत होतं तिचं कौतुक चाललंय. मला काहीतरी गोलमोल बोलता आलं असतं. संस्थेत काही वर्षं काढली की ते आपोआप येतं. आणि तसं बोललो असतो तर पाचव्या प्रकरणाची किंमत त्या खोलीत तरी शून्य झाली असती.

"पाचवं ठेवा," मी म्हणालो. "फोटोतलं मॉडेल चुकीचं आहे."

उपसरपंच आत्याच्या कानाशी वाकले. त्यांची कुजबुज मागच्या रांगेपर्यंत पोचत असे. "बोलतोय, फोटो चुकीचा हाय. तुझा राब खोटा."

आत्या उभी राहिली.

"काय खोटा? माझा राब खोटा?"

"आत्या, बस ना खाली."

"नाय बसनार. ह्या सायबानी माझा फोटो दुनियेला दाखवला, तवा खोटा नव्हता? आनि तू रे? ह्याच राबाच्या भातावर वाढलास. तो भात खोटा होता का काय?"

परीक्षक बाईंनी सरांना विचारलं, "काय म्हणतात त्या?"

सर हसून म्हणाले, "शी इज व्हेरी प्राउड ऑफ हिम."

इतक्या वर्षांत सरांकडून मी पुष्कळ शिकलो, पण एवढं सफाईदार भाषांतर मला कधी जमलं नसतं. मी म्हणालो, "नाही मॅडम. ती रागावली आहे. ती म्हणते, राब खरा आहे. तिचं बरोबर आहे. राब शेतात खरा आहे. आमच्या थरांना तो लागू पडत नाही."

"मग तो भाताच्या पुस्तकात घाला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी प्रतीवर काहीतरी लिहिलं.

मी उत्तीर्ण झालो, एका अटीवर: फोटो, राब मॉडेल आणि त्याखालचं समीकरण काढून प्रबंध पुन्हा द्यायचा. सरांनी माझं अभिनंदन हात पुढे न करता केलं. "तू नुसतं 'इट्स ॲन ॲनॉलॉजी' म्हणायचं होतंस," ते म्हणाले. "सगळं निभावलं असतं." पाहुण्यांसाठी जेवणाची पाकिटं ठेवली होती. आत्याने आपलं घेतलं नाही. ती इकोत जाऊन बसली आणि काच वर केली. मी काचेवर टकटक केली तर तिने तोंड दुसरीकडे वळवलं. उपसरपंचांनी तिचं पाकीट "वाया नको जायला" म्हणून स्वतः खाल्लं आणि मला सांगितलं, "येतो, डॉक्टर. फ्लेक्सचं काय करू ते कळव."

प्रस्तावाचं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. पोस्टर मात्र लवकरच उतरलं. सरांना नवा विद्यार्थी मिळाला आहे, त्याच्या घरी मधमाश्या पाळतात. हल्ली सरांची व्याख्यानं पोळ्यापासून सुरू होतात.

गावात ठरलेला माझा सत्कार अडकून पडला. उपसरपंचांचा फोन आला, "करायचा का नाय ते सांग. तुझी आत्या बोलते, राब खोटा तर नारळ पन खोटाच द्या त्याला, प्लास्टिकचा. मी तिला समजवू का?" मी म्हटलं, तुम्ही कृपा करून समजवू नका. आत्या माझा फोन घेत नव्हती. वाजायचा, मग बंद व्हायचा. सुधारलेला प्रबंध मान्य झाला, बांधून आला, आणि मग मी तिला पत्र लिहिलं. ते असं:

"आत्या, पाया पडतो.

तू फोन घेत नाहीस म्हणून लिहितोय. अक्षर मोठं काढलंय, तुझं तुलाच वाचता येईल. उपसरपंचांकडून वाचून घेऊ नको, ते मध्ये स्वतःचं घालतात.

मला पदवी मिळाली. पुस्तक बांधून आलं. त्यात तुझा फोटो नाही. तो मीच काढून टाकला, माझ्या हाताने. सरांनी काढला किंवा त्या बाईंनी काढायला लावला असं मी सांगणार नाही. त्यांनी मला विचारलं होतं आणि उत्तर मी दिलं.

तुझा राब खोटा आहे असं मी म्हटलं नाही. पण तुझ्या राबात आच जशी उतरते तसं माझ्या पापुद्र्यांत होत नाही, हे मला शेवटच्या दोन वर्षांत कळलं. आधी मीच तसं म्हणालो होतो, तेव्हा मला माहीत नव्हतं. कसं होतं ते तुला कधी कुणी सांगितलंच नाही, नुसते फोटो काढले. म्हणून सांगतो.

तुझं घर, मग पोस्टमनचं घर, मग तुझ्या मैत्रिणीचं. तू अंगणात नुसतं खाकरलीस तरी मैत्रीण दारात येते. मधला पोस्टमन झोपलेला असतो. त्याला उठवायला ढोल बडवावा लागतो, एवढ्या तेवढ्याने त्याला काही होत नाही. तुझा निरोप त्याच्या घरात थांबत नाही, त्याला कळतही नाही, आणि तरी पलीकडे पोचतो. आणि पोचला की तू गप्प होतेस, बोलायला ती लागते. मी प्रकाश टाकतो तेव्हा खालचा थर तुझ्यासारखा, वरचा तिच्यासारखा, आणि मधला पोस्टमन. मी पोस्टमनला जाड केला की निरोप कमी पोचतो. एवढंच मी इतकी वर्षं मोजत होतो.

हेसुद्धा पुरतं बरोबर नाही. तुझा आवाज हवेतून जातो, त्यांचं तसं नसतं. ते एकमेकांच्या इतके जवळ असतात की आवाजाची गरज पडत नाही. जिथे चुकतं ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुन्हा भर सभेत तुला कुणाकडून ऐकावं लागणार नाही. राब जुळत नाही हेसुद्धा मी तुला परीक्षेच्या आधीच सांगायला हवं होतं. मी तुला गाडीत बसवून आणलं आणि सगळ्यांसमोर बोललो, ह्याचा तुला राग आला तर तो बरोबर आहे. मी जे बोललो त्याचा राग असेल तर मात्र मी ते मागे घेणार नाही. पुन्हा विचारलं तरी तेच सांगेन.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'आत्यास' एवढंच लिहिलंय, मराठीत. ऑफिसातल्या माणसाने विचारलं, इंग्रजीत का नाही. मी म्हटलं, जिचं आहे तिला वाचता आलं पाहिजे. पुस्तक पाठवत नाही, हातात देईन. तू घेतलंस तर.

उपसरपंचांना मी कळवलंय की तू येणार नसशील तर सत्कार करू नका. तुझ्याशिवाय शाल घेऊन मी काय करू? आणि तू यावंस म्हणून फोटो पुन्हा घालीन, असं होणार नाही. दोन्ही तुला नीट कळावं म्हणून वेगवेगळं लिहिलंय.

गुरं बरी आहेत का? वासराचा पाय सुधारला का?

येत्या रविवारी सकाळी फोन करतो. शिव्या द्यायच्या असतील तरी उचल.

तुझा भाचा"